साइटवर गर्दी, ऑर्डर मात्र नाहीत: गळती नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

जाहिरात चालू केली की भेटींचा आकडा चढतो, बंद केली की उतरतो, आणि ऑर्डरचा आकडा दोन्ही वेळा जागचा हलत नाही. घरून किंवा छोट्या गाळ्यातून ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या मुंबईतल्या बहुतेकांना ही तक्रार पाठ आहे. साड्या असोत, घरगुती मसाले असोत की हाताने घडवलेले दागिने, रड तीच. आणि त्यावर सगळे आधी एकच औषध घेतात: दहा टक्के सूट. दोन-चार ऑर्डर वाढतात, नफा जातो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं मत स्पष्ट आहे. सूट हा शेवटचा उपाय. गिऱ्हाईक किंमत बघून निघून गेलं, हे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा एखाद्या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यामुळे किंवा एखादं बटण न चालल्यामुळे गेलेलं असतं. म्हणून आधी ते कुठल्या पायरीवरून परत फिरलं ते बघायचं, आणि मगच हात लावायचा.

आधी चार आकडे काढा

गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवर आलेले लोक काय करतात ते मोजणारं गूगलचं साधन) चार घटनांची नोंद होते का ते बघा: वस्तूचं पान पाहिलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट (पत्ता आणि पैसे भरायची पायरी) सुरू केलं, पैसे भरले. वूकॉमर्स किंवा शॉपिफायवर दुकान असेल तर योग्य जोडणी केल्यावर या नोंदी आपोआप येतात. गेल्या महिन्याचे चारही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा.

समजा १,००० जण आले, ६०० जणांनी एखादी वस्तू उघडून पाहिली, ४० जणांनी कार्टमध्ये टाकली, ३० जण चेकआउटपर्यंत पोहोचले आणि ६ जणांनी पैसे भरले. इथे दोन गळत्या आहेत. ६०० वरून ४० हा वस्तूच्या पानाचा दोष, ३० वरून ६ हा चेकआउटचा. मोठी कुठली ते बघू नका, दुसरी आधी दुरुस्त करा. त्या ३० जणांनी घ्यायचं ठरवलेलं होतं. त्यांना काहीतरी आडवं आलं. शिवाय चेकआउटचे दोष बहुतेक वेळा सेटिंगचे असतात, एका दुपारी सुटतात. वस्तूचं पान सुधारायला आठवडे लागतात.

कार्टमध्ये टाकून न घेणं हे जगभर चालतं, त्याने घाबरू नका. ऑनलाइन दुकानांचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यासांची सरासरी काढली आहे, त्यानुसार साधारण ७० टक्के कार्ट अर्धवट सोडल्या जातात. आपल्या उदाहरणात ४० पैकी ३४ सुटल्या, म्हणजे ८५ टक्के. सरासरीने १२ ऑर्डर यायला हव्या होत्या, आल्या निम्म्या. तेवढीच आपली तक्रार.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. महिन्याला दहाच्या आसपास ऑर्डर असतील तर सात काय आणि तेरा काय, हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. त्यामुळे ‘बटण हिरवं केलं आणि विक्री वाढली’ अशा गोष्टींवर आपल्या आकाराच्या दुकानदाराने विश्वास ठेवू नये. दोन प्रकारची पानं अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून तुलना करणं हे रोज हजारो लोक येणाऱ्या दुकानांचं काम. आपण मोडलेलं शोधायचं आणि जोडायचं.

आलेले लोक गिऱ्हाईकच आहेत का?

६०० ऐवजी फक्त ८० जणांनी वस्तू उघडली असेल, तर साइटला दोष देण्याआधी जाहिरात तपासा. मेटावर (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर) जाहिरात लावताना उद्दिष्ट ‘ट्रॅफिक’ निवडलं, तर यंत्रणा तुम्हाला क्लिक करणारी माणसं शोधून देते. विकत घेणारी माणसं हवी असतील तर उद्दिष्ट ‘सेल्स’ हवं आणि साइटवर पिक्सेल (साइटवर कोणी काय केलं ते मेटाला कळवणारा छोटा कोड) नीट बसलेला हवा. क्लिक स्वस्त पडतोय म्हणून खूश होणारे बरेच जण इथे फसतात.

मेटाच्या जाहिरातीच्या अहवालात लिंकवरचे क्लिक आणि प्रत्यक्ष पान उघडल्याची नोंद हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ५०० क्लिक आणि २८० पानं उघडली, असं दिसलं तर बरेच लोक पान उघडेपर्यंत थांबलेच नाहीत.

गूगलच्या जाहिरातीत आणखी एक मेख आहे. ठिकाण ‘मुंबई’ निवडलं तरी मूळ सेटिंगमध्ये मुंबईत असलेले आणि मुंबईत रस असलेले, असे दोन्ही धरले जातात. म्हणजे मुंबईबद्दल काही शोधणारा दूरचा माणूसही तुमच्या खर्चाने येतो. तुम्ही फक्त दादर ते डोंबिवली माल पोहोचवत असाल तर ठिकाणाच्या पर्यायांत जाऊन ‘प्रेझेन्स’ एवढंच ठेवा.

स्वतः ऑर्डर करून बघा, पण इन्स्टाग्राममधून

बहुतेक दुकानदार आपली साइट लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर, लॉगिन केलेल्या अवस्थेत बघतात. गिऱ्हाईक ती बघतं संध्याकाळच्या लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. ते इन्स्टाग्रामवरच्या लिंकवर टॅप करतं तेव्हा साइट क्रोममध्ये उघडत नाही, त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. चेकआउटचे बरेच घोटाळे या ठिकाणी दिसतात आणि लॅपटॉपवर दिसत नाहीत.

तेव्हा चाचणी अशी करा. वायफाय बंद. साइटवरून लॉगआउट. स्वतःच्या इन्स्टाग्राम बायोतली लिंक दाबा, एक वस्तू निवडा आणि यूपीआयने खरेखुरे पैसे भरा. शक्य असेल तर हे काम आईला किंवा शेजारच्या काकूंना द्या आणि मागे उभं राहून फक्त बघा. मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

काय काय अडतं ते सांगतो. पहिलं, ‘यूपीआय ॲपने पैसे भरा’ दाबल्यावर काहीच होत नाही, कारण ॲपच्या आतला ब्राउझर अनेकदा दुसरं ॲप उघडू देत नाही. गेटवेच्या (साइटवर पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या) कंपनीला नेमकं हेच विचारा: आतल्या ब्राउझरमधून यूपीआय ॲप उघडतं का, नसेल तर कुठली सेटिंग लागते? तोवर पानावर ठळक दिसेल अशी एक ओळ टाका: ‘पैसे भरताना अडचण आली तर वरच्या तीन ठिपक्यांवरून हे पान क्रोममध्ये उघडा.’

दुसरं, मोबाइलवर क्यूआर कोड दिसतो. ज्या फोनवर कोड दिसतोय, त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा? जाणकार माणूस स्क्रीनशॉट काढून यूपीआय ॲपमध्ये गॅलरीतून उचलेल. बाकीचे जातील. मोबाइलवर ॲप उघडणारं बटण आधी आणि लॅपटॉपवर क्यूआर आधी, असा क्रम ठेवा.

तिसरं सगळ्यात महाग पडतं. पैसे कापले जातात, पण गिऱ्हाईक ब्राउझरवर परत येतच नाही. यूपीआय ॲपमध्ये बरोबरची खूण दिसली की त्याच्या दृष्टीने काम झालं. साइट मात्र त्याच्या परत येण्याची वाट बघत बसते आणि ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ म्हणून पडून राहते. वूकॉमर्समध्ये मालाच्या साठ्याची नोंद चालू असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी अशी ऑर्डर आपोआप रद्दही होते. पैसे गेले, ऑर्डर नाही, आणि संध्याकाळी ‘फ्रॉड आहे का हे?’ असा मेसेज. यावर इलाज वेबहुकचा: गेटवे तुमच्या साइटला परस्पर कळवतो की पैसे आले, गिऱ्हाईक परत येवो न येवो. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये वेबहुकचा पत्ता भरलेला आहे का, आणि अलीकडचे संदेश यशस्वी दिसतात का, ते आजच बघा. साइटचा पत्ता बदलला किंवा नवं प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकलं की हे तुटू शकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

चौथं, खातं उघडण्याची सक्ती. ओटीपीशिवाय पुढे जाता येत नसेल तर ओटीपी न येणारा प्रत्येक माणूस गेला. व्यावसायिक एसएमएससाठी मजकुराचा साचा डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) नोंदलेला लागतो. साच्यातला एखादा शब्द बदलला तरी संदेश अडकतो. आणि परदेशातला मुलगा गिरगावातल्या आईसाठी काही पाठवू बघतो, तेव्हा दहा आकडी नंबरच मागणारा फॉर्म त्याला दारातच अडवतो. पाहुणा म्हणून ऑर्डर करायची सोय चालू करा. ही एकच टिचकी आहे.

पिनकोडचा घोळ

हा दोष मुंबईचा खास आहे. साइटवर वर पट्टी असते, ‘मुंबईत डिलिव्हरी मोफत’, आणि शिपिंगच्या सेटिंगमध्ये मुंबई म्हणून ‘४००*’, म्हणजे ४०० ने सुरू होणारे सगळे पिनकोड, भरलेलं असतं. मुंबई शहर, उपनगरं, ठाणे शहर आणि नवी मुंबईचा बराच भाग ४०० मध्ये येतो. पण मीरा रोड, वसई, विरार ४०१ ने सुरू होतात. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ४२१ ने. पनवेल ४१० ने. डोंबिवलीची बाई रोज सीएसएमटीला कामाला येते, ती स्वतःला मुंबईचीच समजते आणि तिचं चूक नाही. ती पट्टी वाचून साडी निवडते, पिनकोड टाकते आणि तिथे एकतर ९० रुपये वाढतात किंवा ‘या पत्त्यावर डिलिव्हरी उपलब्ध नाही’ असं येतं.

शिपिंगच्या भागांत ४०१, ४२१ आणि ४१० चे तुम्ही खरोखर पोहोचवता ते पिनकोड घाला, आणि पट्टीवर ‘मुंबई’ ऐवजी ‘विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत’ असं लिहा. पिनकोड तपासायची छोटी चौकट वस्तूच्या पानावरच असेल तर उत्तम. पत्त्याच्या फॉर्ममध्ये विंग, मजला आणि जवळची खूण यांना जागा हवी. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या पत्त्याला नुसती ‘स्ट्रीट’ची ओळ पुरत नाही, आणि तिथे जे लिहायचं राहतं ते डिलिव्हरीवाल्याच्या फोनवर निस्तरावं लागतं.

‘डिलिव्हरी धरून किती?’

बेमार्डच्याच पाहणीत कार्ट सोडण्याच्या कारणांत वरून लागणारा खर्च हे पहिल्या नंबरचं कारण येतं, आणि त्यात आश्चर्य काही नाही. १८० रुपयांच्या मसाल्याच्या पाकिटावर शेवटच्या पानात ७० रुपये चढले की माणूस पाकिटाची चव विसरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं हाही एक प्रकार आहे. तेव्हा खर्च वस्तूच्या पानावरच सांगा. मोफत डिलिव्हरीची मर्यादा ठरवताना आपली नेहमीची ऑर्डर किती रुपयांची असते ते बघा आणि मर्यादा त्याच्या थोडी वर ठेवा. नेहमीची ऑर्डर ४५० ची असेल तर ५९९ ला माणूस अजून एक पाकीट घेईल. १,४९९ ला सोडून देईल.

हलक्या पण मोठ्या वस्तू विकणाऱ्यांनी कुरिअरचा हिशोब समजून घ्यावा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच लावतात. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ४० सेंटिमीटर असलेला उभा आकाशकंदील पावशेर भरतो, पण हिशोबात १२.८ किलो होतो. तोच घडीचा करून ५ सेंटिमीटर जाडीच्या खोक्यात बसवला तर १.६ किलो. दिवाळीत कंदील विकून तोटा का झाला, याचं उत्तर बऱ्याचदा या भागाकारात असतं. घडी घालता येत नसेल तर माहीम-दादरच्या आसपास स्वतः येऊन नेण्याचा पर्याय द्या. लोक आनंदाने येतात.

तारीखही तितकीच महत्त्वाची. ‘७ ते १० कामाचे दिवस’ हे परळहून घाटकोपरला जाणाऱ्या पार्सलसाठी कुणी वाचलं तर त्याला वाटणारच की माल दुसऱ्या राज्यातून येतोय. गणपतीच्या आधी तर प्रश्न फक्त एकच असतो: कधी मिळेल? त्यात अर्धी मुंबई कोकणात जाणारी. ‘गावाला निघण्याआधी हवं असेल तर अमुक तारखेपर्यंत ऑर्डर द्या’ ही एक ओळ मोठमोठ्या पट्ट्यांपेक्षा जास्त काम करते. फक्त ती तारीख गेल्यावर काढायला विसरू नका. दसऱ्याला गणपतीची पट्टी दिसली की दुकान बंद पडल्यासारखं वाटतं.

वस्तूच्या पानावर काय लिहायचं ते व्हॉट्सॲपमध्ये आहे

आता पहिली गळती, ६०० वरून ४० ची. इथे लोक लेखनाचे सल्ले शोधत बसतात. गरज नाही. व्हॉट्सॲप उघडा आणि गिऱ्हाइकांनी गेल्या तीन महिन्यांत विचारलेले प्रश्न जसेच्या तसे उतरवा. ‘ताई, ब्लाऊज पीस सोबत आहे का?’ ‘फोटोत आहे तोच रंग का?’ ‘नऊवारी आहे की सहावारी?’ ‘नथ टोचलेल्या नाकाची की दाबाची?’ ‘मसाला किती तिखट?’ काउंटरवर उभं राहून या प्रश्नांची उत्तरं तुम्ही विचारण्याआधीच दिली असती. जे दहा जणांनी विचारलं ते शंभर जणांच्या मनात आलं आणि ते न विचारताच गेले. उत्तरं वस्तूच्या पानावर, फोटोच्या लगेच खाली, छोट्या ओळींत घाला.

फोटोही प्रश्नांप्रमाणेच काढा. नथ नुसती पांढऱ्या कागदावर नको, नाकात घातलेली एक हवीच, म्हणजे आकार कळतो. साडीचा पदर उलगडलेला, काठ जवळून, आणि खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली मोरपिशी रंग निळा दिसतो आणि मग माल परत येतो. मसाल्याला निव्वळ वजन, सगळे कर धरून कमाल किंमत, वापरायची मुदत आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक हे पानावर दिसू द्या. वजन आणि किंमत दाखवणं वेष्टित मालाच्या नियमांप्रमाणे लागतंच, आणि खाण्याची वस्तू अनोळखी दुकानातून घेताना लोक ते बघतातही.

आणखी एक गोष्ट. मुंबईत बरीच गिऱ्हाइकं साइट बघतात आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर देतात, पैसे थेट नंबरवर पाठवतात. ॲनालिटिक्सला ही विक्री दिसत नाही. त्यामुळे साइट नापास झाली असं ठरवण्याआधी व्हॉट्सॲपच्या ऑर्डर वेगळ्या मोजा. प्रत्येक वस्तूच्या पानावर व्हॉट्सॲपचं बटण ठेवा आणि त्या लिंकमध्येच वस्तूचं नाव आधी भरून ठेवा, म्हणजे ‘हे कितीला?’ या प्रश्नावर ‘कुठलं?’ असं विचारत बसावं लागत नाही.

भरवसा

अनोळखी दुकानाला पैसे आधी पाठवायचे की नाही, हा विचार प्रत्येक जण करतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नियमित व्यवसाय करणाऱ्याने नाव, पत्ता, संपर्क, परतावा आणि बदलीच्या अटी, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव हे सगळं साइटवर द्यायचं असतं. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. घरचा पत्ता टाकायला संकोच वाटतो हे कळतं, पण नुसता जीमेल आणि एक फॉर्म एवढ्यावर मी तरी कुणाला दोन हजार रुपये पाठवणार नाही.

सीओडी (माल हातात आल्यावर पैसे) बंद करावी की ठेवावी, यावर मतं टोकाची आहेत. बंद केली तर नवं गिऱ्हाईक बिचकतं; सरसकट ठेवली तर दार न उघडणाऱ्यांच्या पार्सलचं जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमच्या डोक्यावर. माझ्या मते मधला मार्ग बरा: एका रकमेपर्यंतच सीओडी, आणि पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर होकार. ज्याने होकार दिला नाही त्याचं पार्सल बांधायचं नाही.

आणि साइटवरचं ते उलटं मोजणारं खोटं घड्याळ काढून टाका. ‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ता १७ जण बघत आहेत’ हे खरं नसेल तर तेही वर सांगितलेल्या १३ प्रकारांपैकीच एक, खोटी घाई. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर, हे आता शाळेतल्या पोरांनाही कळतं.

वेग

यावर थोडक्यात. पेजस्पीड इन्साइट्समध्ये मोबाइलचा निकाल बघा. मुख्य चित्र २.५ सेकंदांत दिसावं अशी गूगलची अपेक्षा आहे. छोट्या दुकानांत दोष नव्वद टक्के फोटोंचा असतो असं मी बेधडक म्हणेन. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) करून दोनशे केबीच्या आत आणा. त्यानंतर न वापरातली प्लगइन काढा. बस.

पुन्हा पुन्हा का होतं

सगळं दुरुस्त करून दोन महिन्यांनी परत तेच, अशी तक्रार येते कारण दुकान स्थिर राहत नाही. थीम अपडेट होते, गेटवेचं प्लगइन बदलतं, कुरिअर दर वाढवतं, सणाला कुणीतरी सहा एमबीची पट्टी टांगतं. म्हणून एक रुपयाची एक वस्तू तयार करून ती यादीत न दिसेल अशी ठेवा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, आणि प्रत्येक अपडेटनंतर, ती इन्स्टाग्राममधून उघडायची, एकदा ४२१२०१ (डोंबिवली) आणि एकदा ४०००२८ (दादर) टाकून डिलिव्हरीचा दर बघायचा, यूपीआयने रुपया भरायचा, मुद्दाम ब्राउझरवर परत न जाता ऑर्डर ‘पेमेंट मिळालं’ अशी दिसते का ते तपासायचं, आणि शेवटी तो रुपया परत करून बघायचा. परतावा अडकला तर गेटवेला लगेच लिहा, कारण त्या आठवड्यात खरं गिऱ्हाईकही अडकलेलं असणार.